दीड हजारात ईस्टरची सजावट: वसईच्या ओट्यावरून

ईस्टरच्या सजावटीत पैशांच्या आधी वेळ संपतो. नाताळाला डिसेंबर लागला की कंदील चढवता येतो, गोठा सवडीने उभा राहतो. ईस्टरचं तसं नाही. राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंतचा उपवासकाळ सुरू होतो, त्यात घर सजवत नाहीत. ईस्टरच्या आदल्या, झावळ्यांच्या रविवारी घरात येते ती फक्त आशीर्वादित झावळी. गुड फ्रायडेला तर खिळाही ठोकायचा नाही, असं जुनी माणसं बजावतात. उरते ती पवित्र शनिवारची दुपार, रात्रीच्या जागरणविधीला निघेपर्यंतची, आणि रविवारची सकाळ. या दोन तुकड्यांत सगळं बसवायला गेलं की घाई होते, घाईत माणूस बाजारात धावतो आणि तयार माळा, फुगे, प्लास्टिकची अंडी उचलून आणतो. बजेट फुटतं ते इथे.

म्हणून आम्ही कामाची विभागणी ओल्या-सुक्यावर करतो. सुकं सगळं (पताका, पोकळ अंडी, कागदाची फुलं, रिकाम्या कबरीचा देखावा) उपवासकाळातच करून खोक्यात भरून ठेवायचं. भिंतीवर काही लावायचं नसतं, पण हात चालू ठेवायला कुणाची ना नाही. ओलं सगळं (झावळ्या, केळीचे खांब, फुलं, रंगवलेली उकडलेली अंडी) शनिवारी. खालचा हिशेब वसईतल्या एका बैठ्या घराचा आहे: पुढे ओटा, त्यापुढे अंगण, जेवायला तीसेक माणसं आणि सजावटीला 1,500 रुपये. अंड्यांचे पैसे यात धरलेले नाहीत. ती पोटात जातात, म्हणून स्वयंपाकाच्या हिशेबात.

बाजारात जाण्याआधी कॅलेंडर उघडावं, कारण फुलांचा भाव तिथे लिहिलेला असतो. 21 मार्च किंवा त्यानंतरच्या पहिल्या पौर्णिमेनंतर येणारा रविवार म्हणजे ईस्टर. ही पौर्णिमा बहुतेक वर्षी चैत्राची, म्हणजे हनुमान जयंतीची असते; ईस्टर लवकर आला तर होळीची. 2025 मध्ये हनुमान जयंती 12 एप्रिलला आणि ईस्टर 20 ला होता, मध्ये आठवडाभराचं अंतर, त्यामुळे झेंडू उतरायला सवड. 2026 मध्ये हनुमान जयंती 2 एप्रिलला आणि ईस्टर 5 ला, म्हणजे अंतर जेमतेम तीन दिवसांचं. असं असलं की फुलं आगाऊ घेऊन ठेवण्यात अर्थ नाही. सणाचा उठाव ओसरू द्यावा आणि शनिवारी सकाळीच घ्यावीत. दादरला मीनाताई ठाकरे फूल मंडईत जाणार असाल तर पहाटेची लोकल पकडा. उन्हं वर आल्यावर भाव पडतो हे खरं, पण उरलेला माल तोवर घामेजलेला असतो आणि वसईला पोचेपर्यंत मान टाकतो.

रंग दोनच धरावेत, पांढरा आणि पिवळा. चर्चमध्येही ईस्टरला पांढरा आणि सोनेरी असतो, उपवासकाळातला जांभळा उतरलेला असतो. पण दोन रंगांचा खरा फायदा खिशाला होतो. पाच रंगांची सजावट करायची तर प्रत्येक रंगाचं थोडं थोडं आणावं लागतं आणि कुठलंच पुरत नाही. दोन रंग असले की घरातली पांढरी चादर, जुनं धोतर, नाताळातली पांढऱ्या दिव्यांची माळ, अंगणातला चाफा, सगळं एकाच कुळातलं दिसतं. हिरवा रंग वाडीतून फुकट येतो, तो हिशेबात धरायचा नाही.

आता पताका. तयार प्लास्टिकच्या पताका स्वस्त मिळतात, पण त्यांच्या चुरगळलेल्या घड्या उन्हातही सुटत नाहीत. पतंगी कागद घ्यावा. 20 बाय 30 इंचांचा एक कागद आमच्याकडे पाच रुपयांना मिळतो. 20 इंचांच्या बाजूचे चार आणि 30 इंचांच्या बाजूचे तीन भाग केले की 5 बाय 10 इंचांचे बारा तुकडे होतात. चार कागद एकावर एक ठेवून, कडांना चिमटे लावून, एकदमच कापावेत. सुटा कागद कात्रीखाली सरकतो. प्रत्येक तुकड्याची वरची एक इंच पट्टी सुतळीवर दुमडून चिकटवायची आणि खाली इंग्रजी व्हीसारखी खाच मारायची. ही खाच नुसती शोभेची नाही. सरळ कडेची पताका वाऱ्यात खालून वर गुंडाळली जाते आणि तशीच राहते. खाचेची दोन टोकं फडफडून पुन्हा मोकळी होतात. दोन पताकांत तीन इंच जागा सोडली तर पंचवीस फुटांच्या सुतळीला सदतीस-अडतीस पताका लागतात. चार कागदांत अठ्ठेचाळीस होतात, म्हणजे फाटल्या-तुटल्यालाही उरतात. ओट्याला आडव्या तीन माळा पुरतात, त्याला बारा कागद, साठ रुपये.

चिकटवायला मैद्याची खळ. दोन मोठे चमचे मैदा थोड्या गार पाण्यात गुठळ्या मोडून कालवायचा, मग एक कप पाणी घालून मंद आचेवर चकाकी येईपर्यंत ढवळायचा. खळीत मोरचूद घालायची जुनी पद्धत आहे, त्याने झुरळं लागत नाहीत. पण मोरचूद विषारी असतं, आणि इथे त्याच टेबलावर मुलं अंडी रंगवणार, त्यामुळे ते नकोच. चिमूटभर तुरटी घालावी आणि खळ तीन दिवसांत संपवावी. खळ बोटाने लावली की पतंगी कागद ओला होऊन फाटतो. जुन्या टूथब्रशने सुतळीवर लावावी आणि कागद तिच्यावर दाबावा. माळ बांधताना मधोमध एक टेकू द्यायला विसरू नका. सुतळी दिवसभरात सैल पडते, सकाळी ताठ बांधलेली माळ दुपारी जेवणाऱ्यांच्या डोक्याला लागते. आणि पतंगी कागदाला पाणी लागलं की रंग सुटतो. पिवळ्या पताकांखाली पांढरी चादर असेल तर फुलांवर पाणी शिंपडताना हात जपून.

देशावर, अहिल्यानगर-सोलापूरकडे, हाच कागद ईस्टरच्या दिवसांत कडकडीत राहतो, खळ पंधरा मिनिटांत वाळते, आणि सगळा त्रास फुलांना होतो. आपल्याकडे नेमकं उलटं: फुलं तग धरतात, कागद माना टाकतो. तिकडच्या नातेवाइकांनी पाठवलेल्या फोटोंवरून बेत ठरवताना हा फरक ध्यानात ठेवावा.

अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे कोपऱ्यावरचा अंडीवाला मागितले तर देतो. तीस अंड्यांच्या ट्रेमध्ये तीस वाट्या असतात आणि त्यांच्या मधोमध वर आलेले वीस सुळके. बहुतेक जण वाट्या कापून फुलं करतात आणि सुळके फेकून देतात. खरं तर सुळक्याचं फूल जास्त चांगलं होतं: तो बुडाशी कापला, कडेला चार पाकळ्या कातरल्या, बाहेर वळवल्या की लिलीसारखी घंटा तयार. वाटी आणि सुळका एकात एक बसवले की दुहेरी फूल होतं. रंग पाण्यात पातळ करून लावू नये. हा पुठ्ठा म्हणजे रद्दीचा लगदा, तो पाणी शोषून पुन्हा लगदाच होतो. पोस्टर कलर घट्टच ठेवावा, आधी पांढऱ्याचा एक हात, तो वाळल्यावर आतून पिवळा. मात्र वापरलेल्या ट्रेला कच्च्या अंड्यांची घाण लागलेली असते. कापण्याआधी दिवसभर कडक उन्हात ठेवायचे, काम झाल्यावर साबणाने हात धुवायचे, आणि ही फुलं खाण्याच्या ताटलीत ठेवायची नाहीत.

पोकळ अंड्यांसाठी उपवासकाळभर घरात फुटणारी अंडी नीट फोडण्याऐवजी नीट रिकामी करायची, एवढंच. वरच्या टोकाला टाचणीने बारीक भोक, खालच्या टोकाला आगपेटीच्या काडीचं डोकं जाईल एवढं. लांब सुईने आतला बलक मोडायचा; न मोडता काढायला गेलात तर तो भोकाशी अडकतो आणि जोर लावला की कवच तडकतं. तोंडाने फुंकू नये. औषधाची सुई काढलेली नवी सिरिंज वरच्या भोकाला टेकवून हवा ढकलली की सगळं खाली वाटीत उतरतं, त्याचं ऑम्लेट किंवा केक. मग त्याच सिरिंजने आत पाणी आणि चमचाभर व्हिनेगर भरून हलवायचं, ओतायचं, आणि भोक खाली करून दिवसभर वाळवायचं. आत ओल राहिली तर आठवड्याने वास सुटतो, आणि तो कुठून येतोय हे लवकर सापडत नाही.

टांगण्यासाठी आगपेटीची अर्धी काडी घ्यायची, तिच्या मध्यावर दोरा बांधायचा आणि काडी उभी करून मोठ्या भोकातून आत सोडायची. दोरा ओढला की ती आत आडवी होते आणि अंडं लटकतं. गोंद नाही, तार नाही. मोठं भोक वर येतं, पण त्यावर छोटं कागदी फूल बसतं. ही अंडी आम्ही वाळक्या फांदीवर टांगतो. गुलमोहराची काटकुळी फांदी चांगली, पाच किलो तेलाच्या रिकाम्या डब्यात वाळू भरून रोवायची. फांदी पांढरी करताना चुना लावू नका. पोस्टर कलर किंवा भिंतीचा उरलेला डिस्टेंपर लावा. चुना हातालाही लागतो, आणि शेजारी हळदीत रंगवलेलं अंडं असेल तर जिथे चुना टेकेल तिथे लाल डाग उमटतो. हळद आणि चुन्याचं कुंकू होतं तेच हे. साबणाच्या हातानेही होतं, म्हणून हळदीची अंडी हात कोरडे करूनच उचलावीत. मुलांना मात्र हा डाग मुद्दाम करायला द्यावा: कापसाच्या बोळ्याने चुन्याची निवळी लावून पिवळ्या अंड्यावर लाल क्रूस काढता येतो.

उकडलेल्या अंड्यांचे रंग शनिवारी सकाळी. बाजारातल्या रंगांची पाकिटं लागत नाहीत, वसईच्या वाडीत आणि स्वयंपाकघरात तीन-चार रंग आहेतच. कांद्याच्या सालींनी विटकरी येतो: दहा-बारा कांद्यांच्या सुक्या साली अर्धा लिटर पाण्यात अर्धा तास उकळायच्या, गाळून पाणी पूर्ण गार करायचं, त्यात एक मोठा चमचा व्हिनेगर घालून कच्ची अंडी सोडायची आणि मंद आचेवर उकळी आल्यापासून बारा मिनिटं ठेवायची. पाणी गार करण्याचा कंटाळा केलात तर फ्रिजमधली अंडी गरम रंगात पडताच तडकतात. व्हिनेगर कवचाचा वरचा थर किंचित खातं, त्यामुळे रंग धरतो. जास्त घातलं की बुडबुडे येतात आणि बुडबुड्याच्या जागी पांढरे ठिपके राहतात.

याच कांद्याच्या रंगात पानाची नक्षी उमटवता येते, आणि आमच्या मते सगळ्या सजावटीत सर्वात देखणी गोष्ट हीच. अंडं ओलं करून त्यावर शेवग्याची दोन-तीन बारीक पानं किंवा कोथिंबिरीची एक डहाळी पालथी चिकटवायची. जुन्या मलमलीच्या किंवा मच्छरदाणीच्या तुकड्यात अंडं घट्ट गुंडाळून मागे दोऱ्याने आवळायचं. पान कवचाला सगळीकडून टेकलं पाहिजे. कडा उचललेली राहिली की रंग खाली शिरतो आणि नक्षी फिसकटते. उकळून, गार होऊ देऊन मगच दोरा कापायचा. विटकरी अंड्यावर पांढरट पान निघतं, शिरांसकट. अंडी पांढऱ्या कवचाचीच घ्यावीत. गावठी तपकिरी अंड्यावर कांद्याचा रंग खुलतो, पण पानाचा ठसा उठत नाही.

हळदीसाठी अर्धा लिटर पाण्यात दोन मोठे चमचे. हळद पाण्यात विरघळत नाही, तळाला बसते, म्हणून उकळून दुहेरी फडक्यातून गाळायची, नाहीतर अंड्यावर चिखलासारखे डाग. निळा गोकर्णीचा. पंचवीस-तीस फुलं दोन कप गरम पाण्यात तासभर. यात व्हिनेगर ओतायचं नाही, निळ्याचा जांभळा होतो. अंडं आधी व्हिनेगरने पुसून घ्यायचं आणि मग साध्या निळ्या पाण्यात फ्रिजमध्ये रात्रभर ठेवायचं. हळदीचं अंडं वाळवून तासभर निळ्यात बुडवलं की हिरवं. बीटाचा मोह टाळावा; पाणी लालभडक दिसतं, अंडं मात्र वाळल्यावर मळकट गुलाबी निघतं. रंगातून काढल्यावर पुसायचं नाही, बाटलीच्या झाकणावर उभं करून वाळू द्यायचं, आणि मग फडक्यावर खोबरेलाचा एक थेंब घेऊन हलकं चोळायचं. चकाकी येते.

घरट्यांसाठी पेंढा विकत घेऊ नये. ईस्टर मार्चअखेर किंवा एप्रिलमध्ये येतो, आणि तेव्हा फळवाल्यांकडे हापूसच्या पेट्या सुटत असतात. पेटीतलं गवत ते बाजूला टाकतात, सांगून ठेवलं तर पिशवीभर देतात. उन्हात पसरून, झटकून, मुंग्या काढून वापरावं. आंब्याचा वास गवताला लागलेला असतो, तेवढी ईस्टरच्या टेबलावर भर.

शनिवारी दुपारी वाडीचं काम. केळीचा लोंगर उतरवल्यावर खांब तोडावाच लागतो, त्यामुळे वसईत तो कुणीही देतं. मुंबईत पूजेचं साहित्य विकणाऱ्यांकडे पानांसकट मिळतो. अंगणाच्या दाराशी दोन खांब उभे करायचे तर बुंध्याकडे फूटभर लांबीचा लोखंडी गज किंवा बांबूचा खुंट जमिनीत ठोकून त्याला सोपटानेच बांधायचे. नुसते भिंतीला टेकवलेले खांब पानांच्या वजनाने फिरतात. तोडल्या जागी चीक गळतो आणि कपड्यावर पडला की काळा डाग कायमचा. तोडायला जुने कपडे, आणि चीक निथळेपर्यंत खांब आडवा बाहेरच.

तिसऱ्या खांबाचे सहा-सहा इंचांचे तुकडे करायचे. पाच फुटांच्या खांबाचे दहा होतात. हे टेबलावरचे फुलांचे स्टँड. दुकानात फुलं खोचायला तो हिरवा स्पंज मिळतो, त्याचं काम केळीचा गाभा फुकट करतो, कारण त्यात पाणी भरलेलं असतं. वरून स्क्रू ड्रायव्हरने तिरकी भोकं पाडायची आणि देठ दोन इंच आत खोचायचे. देठ थेट दाबला तर मोडतो. कापलेली बाजू तासाभरात काळवंडते, तिच्यावर लिंबाची फोड फिरवावी आणि भोवती पानं अशी लावावी की ती दिसतच नाही. खाली ताटली हवीच. हा तुकडा रविवार संध्याकाळपर्यंत फुलं ताजी ठेवतो, सोमवारी वास मारतो.

फुलांवर 400 रुपये ठेवतो. परदेशी लिलीचा एक दांडा घेण्याच्या पैशात निशिगंधाच्या काड्यांची मोठी जुडी आणि झेंडू दोन्ही येतात. बाजारात जी साधी पांढरी लिली कळ्यांच्या गड्डीने मिळते, ती शनिवारी सकाळी घट्ट मिटलेली घ्यावी, पाण्यात उभी करून सावलीत ठेवावी, रविवारपर्यंत उमलते. आधीच उमललेली गड्डी स्वस्तात मिळाली तरी घेऊ नये. चाफा अंगणातला. तो तोडताना पाकळीला बोट लागलं की तिथे तपकिरी ठसा उठतो, म्हणून देठाने उचलायचा आणि पाण्यावर तरंगवायचा. बहावा फुललेला असेल तर त्याचे पिवळे घोस डोळ्यांत भरतात, पण त्यांचा मोह फोटोपुरता: टांगल्यावर काही तासांत पाकळ्या गळतात, आणि त्या नेमक्या जेवणात.

झावळ्या माडाच्या, जुन्या हिरव्या. मधली न उघडलेली कोवळी सुई पिवळीधमक असते आणि विणकामाला मऊ, पण ती काढली की माडाला इजा होते. पडलेल्या किंवा तोडायच्या माडाचीच घ्यावी. फाटकावर कमान करायला सहा-सात फुटांच्या दोन झावळ्या पुरतात, शेंडे एकमेकांत अडकवून बांधायच्या. आदल्या रविवारी चर्चमधून आणलेली झावळी यात कधीही मिसळायची नाही. ती आशीर्वादित असते, क्रूसामागे राहते आणि पुढच्या वर्षी राखेच्या बुधवारसाठी परत जाते.

ओट्याच्या कोपऱ्यात येशूच्या रिकाम्या कबरीचा देखावा. नाताळच्या गोठ्याचे दगड, वाळू, शेवाळाची चटई तीच, फक्त मांडणी बदलायची. मजबूत खोकं आडवं ठेवून त्याचं तोंड गोल कापायचं. खाकी कागद आधी चुरगळून, उलगडून, मग चिकटवायचा. सपाट कागद चिकटवून नंतर चुरगळता येत नाही. दाराचा धोंडा म्हणजे पुठ्ठ्याच्या दहा इंची चार चकत्या एकमेकींवर, त्यावर तोच खाकी कागद, आणि तो तोंडावर नाही, बाजूला टेकलेला. आत पांढरं फडकं पसरायचं आणि छोटा रुमाल वेगळा, गुंडाळून. योहानाच्या शुभवर्तमानात 20व्या अध्यायात डोक्याचा रुमाल तागाच्या वस्त्रांबरोबर नसून वेगळ्या जागी गुंडाळलेला होता असं लिहिलं आहे, आणि मुलं ते बरोबर शोधून काढतात. आत उजेड हवा तर दिव्यांच्या माळेचं टोक सोडावं. खोक्यात मेणबत्ती कदापि नाही.

मेणबत्ती टेबलावर, आणि ती चर्चमधल्या पास्का (ईस्टरच्या) मेणबत्तीच्या धर्तीवर घरीच करता येते. साधी जाड पांढरी मेणबत्ती, 120 रुपयांच्या आसपास. बोथट सुईने उभी-आडवी रेघ कोरून क्रूस, वर आल्फा (Α), खाली ओमेगा (Ω) ही ग्रीक अक्षरं, चार कोनांत वर्षाचे चार आकडे. मेणावर पाण्याचा रंग टिकत नाही, थेंब होऊन घसरतो. लाल पोस्टर कलरमध्ये भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब घालून कोरलेल्या रेघांत चोळायचा आणि वरचा फडक्याने पुसून टाकायचा. रेघेत राहतो तेवढाच. चर्चमध्ये धुपाचे पाच दाणे बसवतात, त्यांच्या जागी पाच लवंगा. लवंग सरळ दाबली की मेण तडकतं, आधी तापवलेल्या सुईने भोक पाडावं. पंख्याखाली मेणबत्ती एका बाजूने वितळते, म्हणून पंख्याचा झोत चुकवावा किंवा कंदिलाची जुनी काच भोवती ठेवावी. बारीक मेणबत्त्या उन्हाच्या ओट्यावर न पेटवताच वाकतात, त्या शेवटच्या क्षणी मांडाव्यात.

टेबलांना मांजरपाट, पाच मीटर, साधारण 250 रुपये. कडा शिवू नयेत, दोरे ओढून झालर करावी. चार कोपऱ्यांना कपड्यांचे चिमटे, कारण दुपारी खाडीवरून वारा सुटतो. मध्ये केळीचं पान पट्टीसारखं: मागची शीर सुरीने तासून पान विस्तवावरून एकदा झरकन फिरवलं की ते नरम पडतं आणि फाटत नाही.

फुगे आम्ही घेत नाही. उन्हात हवा प्रसरण पावते आणि जेवताना एकेक फुटत जातो. लावायचेच तर तीन चतुर्थांश फुगवावेत आणि सावलीतच. चॉकलेटची अंडीही बाहेर मांडायला निरुपयोगी, ओट्यावरच्या गरमीत अर्ध्या तासात आकार सोडतात. मार्झिपानची (बदाम किंवा काजू आणि साखरेच्या गोळ्याची) तगतात, फक्त मुंग्यांसाठी ताटलीखाली पाण्याची परात हवी. अंडी शोधण्याच्या खेळात खरी उकडलेली अंडी लपवू नयेत. एवढ्या उन्हात ती तासाभराच्या वर बाहेर राहिलेली खाण्याजोगी नसतात, शिवाय कावळे मुलांच्या आधी शोधतात. रिकामी कवचं किंवा कार्डशीटची अंडी लपवावीत, आत चिठ्ठी, आणि चिठ्ठी देणाऱ्याला फ्रिजमधलं खरं अंडं.

पैशांचा ताळा असा बसतो: कागद 60, सुतळी 40, मांजरपाट 250, पोस्टर कलर 80, मोठी मेणबत्ती 120 आणि लहान 60, फुलं 400, कार्डशीट 40, व्हिनेगर 40, डिंक आणि तार 60, चिमटे 40. झाले 1,190. उरलेले 310 शनिवारी सकाळपर्यंत मोडायचे नाहीत, कारण फुलं महाग निघाली तर त्यातून भागतं, आणि नाही निघाली तर त्यात निशिगंधाची आणखी एक जुडी आणि रिक्षाभाडं.

रविवारी सगळं उतरवायची घाई नको. पुनरुत्थानाचा काळ पेंटेकॉस्टपर्यंत पन्नास दिवसांचा असतो, त्यामुळे पताका, फांदी आणि कबर राहू द्यावी. केळीचे तुकडे आणि फुलं मात्र सोमवारी सकाळीच खतात. पताका काढताना घडी घालू नये, जाड पुठ्ठ्यावर गुंडाळाव्यात आणि चार लवंगा टाकून बंद पिशवीत ठेवाव्यात. मेमध्ये कुणाच्या घरी पहिलं ख्रिस्तशरीर ग्रहण (फर्स्ट कम्युनियन) असेल तर त्याच पांढऱ्या-पिवळ्या माळा तिथे लागतात, फक्त खाचेची फाटलेली टोकं कात्रीने अर्धा इंच वर घ्यायची.